भरण

रविवारी जेवणं झाल्यावर
पडवीत गोणपाट पसरलं
आणि सायलेन्सर त्यावर आडवा घातला,
मोरी कापायला घ्यावी तसा.

शेपटाकडे सहा रिव्हेटी.
तिघींची डोकी खाऱ्या वाऱ्यानं आधीच खाल्लेली,
उरलेल्या तिघी ड्रिलखाली कण्हल्या नि सुटल्या.
झाकण मात्र हटून बसलं.
रॉकेल पाजलं, तासभर थांबलो,
मग फणसाच्या लाकडाचा तुकडा मध्ये धरून
हातोडीनं चारी अंगांनी समजूत काढली.

आत बघतो, तर भरण नाहीच.
भोकाभोकांची नळी,
आणि तिला धरून राहिलेली काळी तेलकट लगदी.
गेली दोन वर्षं अख्ख्या तारामुंबरीला उठवणारा आवाज
म्हणजे ही एवढी रिकामी जागा.

बर्फाच्या फॅक्टरीतून मी सुटतो रात्री साडेअकराला.
शेजारी खवळ्यांकडे बाळ आलंय, बावीस दिवसांचं.
खवळेकाकी काही बोलल्या नाहीत,
फक्त सकाळी माझ्याकडे बघून
त्यांनी झोळी जरा जोरात हलवली.

तारेच्या ब्रशनं नळी घासली.
पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला पंचा,
आणि कणकवलीहून आणलेलं काचेचं वूल उलगडलं.
पांढरं, मऊ, दिसायला गरीब.
मनगटाला लागलं की रात्रभर खाजवतं.

बाकड्यावरून आबांनी विचारलं, "काय ता?"
मी ओरडून सांगितलं, "काचेचो कापूस. फायबर!"
आबांचे ओठ थोडा वेळ तो शब्द चघळत राहिले.
"ह्याच फायबरान माजी पटाशी माळ्यार चढवल्यान."

लाकडी होड्यांच्या सांध्यांत कापूस भरायचे आबा,
पटाशी, मोगरी, वरून चंद्रूस.
मग साच्यातून काढलेल्या होड्या आल्या,
ज्यांना सांधेच नव्हते.
मग एकोणीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी,
तिथे कान गेले.

आता ते उठून आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले.
मी नळीभोवती वूल गुंडाळत होतो.
"ठासू नको. भिजलो की फुगता."
"हो भिजाचो नाय आबा, हो तापतलो."
ऐकू आलं नसावं.
त्यांनी अंगठ्यानं एक पदर दाबून बघितला,
मग दुसरा, मग पहिला पुन्हा,
आणि माझा हात बाजूला करून
पूर्ण गुंडाळी सोडली, नव्यानं घातली.
उघड्या हातांनी.
मी पंचा पुढे केला, तो त्यांनी डोक्याला बांधला.

स्टीलच्या रिव्हेटी देवगडात मिळाल्या नव्हत्या.
अ‍ॅल्युमिनियमच्याच ठोकल्या, सहा.
किक मारली.
आधी पांढरा धूर, जळक्या चिकटपट्टीचा वास,
आणि मग
कोणीतरी दुसऱ्या खोलीत बोलत असावं, इतकाच आवाज.
खवळेकाकींनी खिडकीतून हात दाखवला.
आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले,
चालू झाली का, म्हणून.

सोमवारी रात्री दारात येऊन उभा राहिलो.
दोन वर्षं मी वळणावर आलो की आतली कडी निघायची.
हाक मारली, खिडकी वाजवली.
शेवटी दार बडवलं, दोन्ही मुठींनी.
खवळ्यांचं बाळ उठलं.

मंगळवारी तसंच.
बुधवारीही.

शुक्रवारी फॅक्टरीकडे जाताना
गाडी कुठेतरी फुरफुरतेय असं वाटलं,
नाकात शेंबूड असलेल्या पोरासारखी.
बर्फाच्या लाद्या उतरवता उतरवता खाली वाकून बघितलं.
सहातली एक रिव्हेट गेलेली.
खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली रिव्हेट मला माहीत आहे,
तिच्या कडा चावल्यासारख्या होतात.
हिचं डोकं एका घावात, सपाट उडवलेलं होतं.

एवढ्याशा फुरफुरीनं आबांना काही ऐकू जायचं नाही.

रात्री आलो तेव्हा दार सताड उघडं,
पडवीतला दिवा चालू,
बाकड्यावर आबा, मनगट खाजवत.
माळ्याची शिडी भिंतीला लावलेली, तशीच राहिलेली.
मी ती उचलून मागे नेऊन ठेवली.